तिकीट काढून गाणं ऐकणारा देश

माझा एक मावसभाऊ तबला वाजवतो. वाजवतो म्हणजे पोटापाण्यासाठी वाजवतो, माझ्यासारखी सुट्टीच्या दिवशी डग्ग्यावर थाप मारत नाही. येत्या उन्हाळ्यात एका गायिकेच्या साथीला तो ब्रिटनला निघालाय आणि कार्यक्रमांच्या मधे त्याला आठ-दहा दिवस मोकळे आहेत. मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं तिकडे काढली आहेत, म्हणून त्याने विचारलं, "दादा, ते घड्याळ आणि तो पूल सोडून आमच्यासारख्याने बघावं असं काय आहे तिकडे?" यादी करायला बसलो आणि नेहमीप्रमाणे यादीचा निबंध झाला. तर मंडळी, हा शनिवार त्याच्या नावाने.

यादी करताना एक गंमत लक्षात आली. जर्मन लोक एकेकाळी इंग्लंडला 'संगीत नसलेला देश' म्हणून हिणवायचे. पण यादीतली नावं बघा: हँडेल, मोझार्ट, हायडन, मेंडेल्सोन, शोपँ. सगळे बाहेरचे, आणि सगळे आपणहून आलेले. संगीत नसलेल्या देशात एवढे संगीतकार कशाला तडफडत होते?

उत्तर आहे तिकीट. १६७२ साली जॉन बॅनिस्टर नावाच्या व्हायोलिनवादकाने लंडनमध्ये स्वतःच्या घरी रोज दुपारी मैफल सुरू केली. एक शिलिंग द्या, आत या, बसा. ना राजाचं बोलावणं, ना चर्चची प्रार्थना. पैसे देऊन कोणीही ऐकावं अशा मैफिलींची युरोपातली ही सुरुवात मानतात. पुढे १६७८ पासून क्लार्कनवेल भागात थॉमस ब्रिटन हा कोळसेविक्या आपल्या कोळशाच्या वखारीच्या माळ्यावर मैफिली भरवायला लागला. दिवसा गल्लोगल्ली कोळसा विकायचा आणि संध्याकाळी माळ्यावर गाणंबजावणं. अरुंद जिन्याने सरदार-दरकदारांच्या बायकासुद्धा वर चढायच्या. हँडेलही तिथे वाजवून गेला असं सांगतात. आज जेरुसलेम पॅसेज या बोळात गेलात तर वखार नाही, पण बोळ आहे. पहिला मुक्काम तिथेच करावा असं माझं मत.

दुसरा मुक्काम मेफेअरमधली ब्रुक स्ट्रीट, घर नंबर २५. हँडेल १७१० मध्ये लंडनला पहिल्यांदा आला, १७२३ मध्ये या घरात राहायला आला आणि १७५९ मध्ये याच घरात वारला. 'मसाया' त्याने इथेच लिहिला. आणि भिंतीला भिंत लागून २३ नंबरच्या वरच्या मजल्यावर १९६८-६९ मध्ये कोण राहत होता? जिमी हेंड्रिक्स! अमेरिकेतून आलेला गिटारवाला. शेजारी दोनशे वर्षांपूर्वी कोण राहायचं हे कळल्यावर त्याने हँडेलच्या रेकॉर्डी विकत आणल्या. आता दोन्ही घरं मिळून एकच संग्रहालय आहे. एकाची खोली लाकडी पलंगाची, दुसऱ्याची गालिचे आणि मोरपिसांची. दोघेही पाहुणे, दोघांनाही मोठं केलं ते लंडनच्या तिकीट काढणाऱ्या लोकांनी.

हँडेलचंच दुसरं ठिकाण म्हणजे ब्रन्सविक स्क्वेअरचं फाउंडलिंग म्युझियम. टाकून दिलेल्या मुलांसाठी थॉमस कोरमने १७३९ मध्ये सनद मिळवून जो अनाथाश्रम काढला, त्याची ही आठवण. १ मे १७५० ला हँडेलने तिथल्या चॅपलमध्ये 'मसाया' केला. इतकी गर्दी झाली की लोकांना परत पाठवावं लागलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा प्रयोग लावावा लागला. नंतर दर वर्षी तो प्रयोग होत राहिला आणि पैसे मुलांच्या दूधभाकरीला गेले. मृत्युपत्रात त्याने 'मसाया'ची एक नीट उतरवलेली प्रत या संस्थेला दिली. म्हणजे कलाकार गेला तरी प्रयोग थांबायला नको. वरच्या मजल्यावर कानाजवळ स्पीकर बसवलेल्या आरामखुर्च्या आहेत. त्यात बसून हँडेल ऐकत अर्धा तास घालवा, पायही मोकळे होतात.

आता तिकिटाची दुसरी बाजू. एप्रिल १७६४ मध्ये लिओपोल्ड मोझार्ट दोन लेकरांना घेऊन लंडनला आला. मुलगा आठ वर्षांचा. चारच दिवसांत राजासमोर वाजवणं झालं, २४ गिनी मिळाल्या, सगळं छान. उन्हाळ्यात बाप आजारी पडला म्हणून कुटुंब तेव्हाच्या गावाबाहेर, आजच्या १८० एबरी स्ट्रीटला राहायला गेलं. बापाला त्रास नको म्हणून घरात वाद्य वाजवायची बंदी. मग करायचं काय? पोराने बसून पहिली सिम्फनी लिहिली! घरावर पाटी आहे आणि जवळच्या छोट्या चौकात छोट्या मोझार्टचा पुतळा आहे. तिथवर सगळे पर्यटक जातात.

पण गोष्ट तिथे संपत नाही. वर्षभरात नवलाई ओसरली. लिओपोल्डने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, रोज दुपारी घरी येऊन मुलांना ऐका म्हणून. शेवटी शहरातल्या कॉर्नहिल भागातल्या एका खानावळीत रोज बारा ते तीन या दोन मुलांचा खेळ लागला. पट्ट्यांवर रुमाल टाकून, न बघता चार हातांनी वाजवणे वगैरे. जगातला एक मोठा संगीतकार डोंबाऱ्याच्या पोरासारखा उभा होता. ज्या तिकिटाने संगीतकाराला राजाच्या दारातून सोडवलं, त्याच तिकिटाने त्याला दोरीवरही चालायला लावलं. दोन्ही खरं.

सोडवलं म्हणजे काय, हे हायडनचं १७६१ चं करारपत्र वाचलं की कळतं. एस्टरहाझी या हंगेरियन सरदाराकडची नोकरी. गणवेश घालायचा, पांढरे मोजे घालायचे, रोज हुजऱ्यासारखं बाहेरच्या दालनात थांबून आज संगीत हवंय का म्हणून हुकूम घ्यायचा. आणि कळीचं कलम: जे लिहाल ते मालकाचं, बाहेर कोणाला द्यायचं नाही, परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी लिहायचं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कलम ओळखीचं वाटेल, आमच्या ऑफर लेटरमध्ये असतं तेच! फक्त पांढऱ्या मोज्यांची अट तेवढी नसते :)

हायडनने अशी तीस वर्षं काढली. (ते कलम १७७९ च्या नव्या करारात गेलं, पण नोकरी ती नोकरीच.) १७९० मध्ये मालक वारला आणि सालोमन नावाचा मूळचा बॉनचा, पण लंडनमध्ये मैफिली भरवणारा व्हायोलिनवादक व्हिएन्नात त्याच्या दारात येऊन उभा राहिला. १ जानेवारी १७९१ ला अठ्ठावन्न वर्षांच्या हायडनने डोव्हरला पाय ठेवला. दोन दौरे, बारा नव्या सिम्फन्या. काम खूप आहे, पण कोणाचा नोकर नाही या जाणिवेने सगळं हलकं वाटतं, अशा अर्थाचं पत्र त्याने एका मैत्रिणीला पाठवलं. मे १७९५ च्या शेवटच्या मैफिलीत त्याला एका रात्रीत चार हजार गुल्डन मिळाले आणि हे फक्त इंग्लंडमध्येच शक्य आहे अशी नोंद त्याने करून ठेवली.

ज्या हॅनोवर स्क्वेअर रूम्समध्ये यातलं बरंचसं वाजलं ती इमारत १९०० मध्ये पाडली. त्यामुळे हायडन शोधायला ऑक्सफर्डला जा. जुलै १७९१ मध्ये विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली, तेव्हा शेल्डोनियन थिएटरमध्ये त्याची ९२ वी सिम्फनी वाजली, म्हणून तिला 'ऑक्सफर्ड' म्हणतात. तिथून चालत पाच मिनिटांवर हॉलीवेल म्युझिक रूम आहे. १७४८ ची, मुद्दाम मैफिलींसाठी बांधलेली, युरोपातली अशी सर्वांत जुनी मानली जाणारी. आपल्याकडच्या दिवाणखान्यातल्या बैठकीला शोभेल एवढीच. आणि अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये काचेआड १७१६ चं एक स्ट्राडिव्हारी व्हायोलिन आहे, जवळजवळ न वाजवलेलं, म्हणून नव्यासारखं लखलखीत. बघून आनंद वाटतो आणि पोटात तुटतंही. वाजवणाऱ्या माणसाने त्याच्यासमोर उभं राहून विचार करण्यासारखं आहे.

हायडनच्या डायरीत आणखी एक नोंद आहे. १७९२ मध्ये तो स्लाव गावी गेला आणि विल्यम हर्शेलची चाळीस फुटी दुर्बीण बघून आला. हा हर्शेलही पाहुणा संगीतकारच! हॅनोवरचा, लष्करी बँडमधला. १७५७ मध्ये इंग्लंडला आला, बाथ शहरात ऑक्टॅगन चॅपलचा ऑर्गनवादक झाला, चोवीस सिम्फन्या लिहिल्या, शिकवण्या केल्या. आणि रात्री आरसे घासून दुर्बिणी बनवायचा. १३ मार्च १७८१ ला १९ न्यू किंग स्ट्रीटच्या मागच्या अंगणातून त्याला युरेनस सापडला. राजाने वर्षाला २०० पौंड लावून दिले, जे त्याच्या संगीताच्या कमाईपेक्षा कमीच होते, तरी त्याने संगीत सोडलं. बहीण कॅरोलाइन उत्तम गायची. तिनेही गाणं सोडलं आणि आठ धूमकेतू शोधले. ते घर आज संग्रहालय आहे आणि ते अंगणही आहे. याच बाथच्या महोत्सवात १९६६ मध्ये रविशंकर आणि यहुदी मेनुहिन एकत्र बसले. माझ्या भावाने बाथ चुकवायचं नाही.

उत्तरेला जायचं तर मेंडेल्सोनच्या मागे जा. १८२९ मध्ये वीस वर्षांचा हा मुलगा मित्राबरोबर स्कॉटलंडमध्ये भटकला. एडिनबरात होलीरूडच्या छप्पर उडालेल्या चॅपलमध्ये त्याला 'स्कॉटिश' सिम्फनीची सुरुवात सुचली, जी पुरी व्हायला १८४२ उजाडलं. एडिनबरातच १७६३ चा सेंट सेसिलियाज हॉल आहे, तिथे जुनी वाद्यं मांडलेली आहेत. पुढे ओबानहून बोटीने स्टाफा बेटावर फिंगलची गुहा. षटकोनी काळ्या खांबांची, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या जातकुळीची, फक्त आत समुद्र घुमतोय. गंमत म्हणजे 'हेब्रिडीज'ची प्रसिद्ध धून त्याने ७ ऑगस्टच्या पत्रात लिहून पाठवली आणि गुहा बघितली दुसऱ्या दिवशी, तीही बोट लागून बेजार झालेला असताना! बोटी उन्हाळ्यात जातात, आणि समुद्र खवळलेला असला तर उतरवत नाहीत, हे लक्षात ठेवा.

शोपँची जागा मी पर्यटनाच्या यादीत घालावी की नाही, यावर बराच विचार केला. १८४८ च्या क्रांतीने पॅरिसमधल्या त्याच्या शिकवण्या बुडाल्या, म्हणून क्षयाने खंगलेला हा माणूस कमाईसाठी ब्रिटनला आला. लंडन, मँचेस्टर, ग्लासगो, एडिनबरा. १६ नोव्हेंबर १८४८ ला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी तो शेवटचं जाहीर वाजवला. लोक मुख्यतः नाचासाठी आले होते, ऐकणारे थोडे. अकरा महिन्यांनी तो गेला. दौऱ्यावर असताना 'एक कार्यक्रम आणखी घेऊ' असं म्हणणाऱ्या प्रत्येक कलाकाराने गिल्डहॉलच्या अंगणात दोन मिनिटं थांबावं. म्हणून यादीत ठेवलंय.

शेवटी दोन जागा, जिथे फक्त बघायचं नाही, ऐकायचं. पहिली विगमोर हॉल. बेकस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये आपल्या दुकानाशेजारी बांधलेला. पहिल्या महायुद्धात 'शत्रूची मालमत्ता' म्हणून १९१६ मध्ये लिलावात गेला, घेतला एका कापडचोपड विकणाऱ्या बड्या दुकानाने आणि १९१७ मध्ये नव्या नावाने उघडला. मालक बदलला, नाव बदललं, आवाज तोच राहिला. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, आणि मागच्या रांगेतही वादकाचा श्वास ऐकू येतो.

दुसरी, १८७१ चा रॉयल अल्बर्ट हॉल. १९७४ मध्ये आपल्या लताबाई इथे गायल्या. उन्हाळ्यात इथे प्रॉम्स असतात. १८९५ मध्ये ते सुरू झाले ते क्वीन्स हॉलमध्ये. १९४१ मध्ये तो बाँबखाली गेला म्हणून इकडे आले. रांग लावा, स्वस्तातलं उभं राहायचं तिकीट घ्या आणि अगदी वाद्यवृंदासमोर उभं राहून ऐका. खुर्चीवाल्यांपेक्षा पुढे!

बॅनिस्टरच्या एका शिलिंगाची आठवण मला याच रांगेत व्हायची. राजाश्रय गेला याचं आपण फार दुःख करतो. पण दोन-तीन तास उभं राहून, पाय दुखत असताना, ओळख ना पाळख अशा वादकासाठी गप्प राहणारा हा जो कोणी समोरचा असतो, त्याच्याच भरवशावर हायडन पांढरे मोजे उतरवू शकला. तो लक्ष देईनासा झाला तेव्हा मोझार्टची खानावळ आणि शोपँचं गिल्डहॉल झालं. तेव्हा पाहुण्या वादकाने तिकडे गेल्यावर एक संध्याकाळ तरी मंचावर नाही, त्या गर्दीत उभं राहून काढावी.

असो. पुढच्या शनिवारी पुन्हा आपलं नेहमीचं.