जेकार्डची कार्डे आणि मराठीचे व्याकरण

सोलापूरच्या जेकार्ड चादरीतले ‘जेकार्ड’ हे एका माणसाचे आडनाव आहे, असे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. जोसेफ मारी जाकार हा फ्रान्समधल्या लियाँ गावचा विणकर. १८०४ च्या सुमारास त्याने मागावर बसवायचे एक यंत्र पुरे केले. बूशाँ, फाल्कन, वोकांसाँ या आधीच्या कारागिरांच्या कल्पना त्यात होत्याच. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका ओळीला एक कार्ड. अशी शेकडो कार्डे दोरीने ओवून माळ केली की चादरीवर मोर उतरतो.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १८०५ मध्ये फ्रेंच सरकारने या यंत्राचा हक्क जाकारकडून काढून लियाँ शहराला दिला आणि त्याला सालीना ३,००० फ्रँकची पेन्शन बांधून दिली. संगणकाच्या जगात आज ज्याला आपण मुक्तस्रोत म्हणतो, त्याच्या फार जवळ जाणारा हा व्यवहार. शोध गावाचा झाला, आणि शोधणाऱ्याचीही सोय लागली. (हा दुसरा भाग आजकाल आपण विसरतो.) पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी हीच कार्डे योजली. त्या यंत्रावर एडा लव्हलेसने १८४३ मध्ये टिपणे लिहिली, तीही या मागाची आठवण ठेवून. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली.

आता सोलापूरच्या पूर्व भागात येऊ. मागांच्या खडखडाटात आपले लक्ष कार्डांच्या माळेकडे जाते, पण त्याआधीची एक पायरी दिसत नाही. नक्षी काढणारा प्रथम चौकटीच्या कागदावर आलेख काढतो. रंगवलेला चौकोन म्हणजे भोक. त्या आलेखावरून कार्डे पंच होतात. या दोन वस्तूंचा स्वभाव अगदी वेगळा. कार्डांची माळ नेऊन तशाच दुसऱ्या मागावर चढवली, तर तो माग तीच नक्षी विणेल. विणणाऱ्याला ती समजण्याची गरज नाही. पण मोराची मान जरा वळवायची असेल, तर नुसती भोके बघून काही कळत नाही. तिथे आलेख लागतो, आणि तो वाचणारा माणूस लागतो.

संगणकाच्या मुक्त साधनांत मला हेच दोन प्रकार दिसतात. मजकूर वाचून त्याची फोड करणे, म्हणजे शाळेत शिकलेले वाक्यपृथक्करण, ही कामे करणारी साधने कार्डांसारखी. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने ‘याक’ लिहिले. त्याला व्याकरणाचे नियम द्यायचे आणि त्याच्याकडून फोड करणारी आज्ञावली घ्यायची. त्याच वळणाचे ‘बायसन’ १९८५ पासून आले. ते कुणीही घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे.

दुसरा प्रकार रचनाबंधांचा, आणि तो आलेखासारखा. त्याचे मूळ वास्तुशास्त्रात आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडरने १९६४ च्या पुस्तकात उदाहरण घेतले ते भारतातल्या एका खेड्याचे. त्या खेड्याच्या १४१ गरजा त्याने मांडल्या. १९७७ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी घरापासून शहरापर्यंतचे २५३ बंध छापले. त्यावरून चार संगणकतज्ज्ञांनी १९९४ मध्ये आज्ञावलीचे २३ रचनाबंध नावानिशी मांडले. हे पुस्तक काही फुकट नाही, पण त्यातली नावे सगळ्यांची झाली. असे बंध जमवण्यासाठी वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये कुणालाही लिहिता येईल अशी पाने उघडली. जगातला पहिला विकी तो हाच. विकिपीडिया त्याच वळणावर २००१ मध्ये आला, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी.

यांत श्रेष्ठ कोणते, असे मला पुष्कळदा विचारतात. घाईचे काम असेल तर फोड करणारे साधन. ते आज लावले की आज चालते. रचनाबंध मात्र नक्कल करून मिळत नाही, तो डोक्यात उतरावा लागतो.

मराठीचे दुखणे इथेच आहे. आपल्याकडे आलेख जुना आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. कार्डे मात्र फार उशिरा पंच होऊ लागली. ‘सोलापूरकरांच्यासुद्धा’ हा एक शब्द घ्या. गाव, ‘कर’, अनेकवचन, षष्ठी आणि शब्दयोगी अव्यय, सगळे एकाच धाग्यात ओवलेले. मोकळी जागा बघून शब्द तोडणारे साधन इथे थिटे पडते. पाणिनीची सूत्रे आणि संगणकाच्या भाषांचे व्याकरण यांतले साम्य १९६७ मध्येच एका अमेरिकी तज्ज्ञाने दाखवले होते. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण अभिमानाने मराठीचे एकही कार्ड पंच होत नाही. मुंबईच्या आयआयटीने मराठी शब्दजाल विणले, पुण्याच्या ‘एल थ्री क्यूब’ गटाने २०२२ पासून मराठीची साधने खुली केली. तरीही, वाक्यांची हाताने फोड करून ठेवलेला जागतिक प्रकल्पातला मराठीचा खुला संग्रह ५०० वाक्यांच्याही आतला आहे. त्याच प्रकल्पात इंग्रजीच्या एकाच संग्रहात १६,००० हून अधिक वाक्ये आहेत.

आणि जे बंद राहिले त्याचे काय होते, हे माझ्या कपाटात आहे. १९९८ च्या आसपास टंकित केलेल्या माझ्या लेखांच्या फ्लॉप्या मी जपल्या. त्या वेळी प्रत्येक फॉन्टची अक्षरे आपापल्या क्रमांकांवर बसलेली असत. एकाचा ‘क’ दुसऱ्याला चिन्ह वाटे. फाइल आजही उघडते, पण पडद्यावर दिसतात ती इंग्रजी अक्षरे आणि कंस. ज्या फॉन्टचे तक्ते कुणीतरी चिकाटीने तयार करून खुले केले, त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. माझे निम्मे लेख तसे परत आले. उरलेल्यांचा फॉन्ट बनवणारे दुकान कधीच बंद झाले. त्या फाइली मी कागदावरच्या जुन्या छापील प्रतींशी एकेक अक्षर ताडून पाहतो आहे. ‘क’ आणि ‘र’ सापडले आहेत, जोडाक्षरे अजून बाकी आहेत.