बेकारभत्त्यातून स्वयंरोजगाराकडे : जर्मनीतील तरतूद

नोकरी गेल्यानंतर मिळणारा बेकारभत्ता हा दुसरी नोकरी मिळेपर्यंतचा आधार असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र, भत्ता घेणाऱ्याने नव्या नोकरीऐवजी स्वतःचा व्यवसाय थाटायचे ठरवले, तर मोठा पेच उभा राहतो. व्यवसाय पूर्ण वेळ सुरू झाला, की कायद्याच्या दृष्टीने तो बेकार राहत नाही आणि भत्ता थांबतो. व्यवसायाचे उत्पन्न हाती येण्यास मात्र अनेक महिने लागतात. त्यामुळे उत्साह आणि कौशल्य असूनही अनेक जण हे पाऊल उचलण्यास धजावत नाहीत.

ही दरी सांधण्यासाठी युरोपातील काही देशांनी स्वतंत्र तरतुदी केल्या. ब्रिटनमध्ये १९८३ साली देशभर लागू झालेल्या योजनेत व्यवसाय सुरू करणाऱ्या बेकारांना आठवड्याला ४० पौंड दिले जात. त्यासाठी स्वतःचे एक हजार पौंड उभे करण्याची अट होती. फ्रान्समध्ये उरलेल्या भत्त्याचा काही हिस्सा भांडवल म्हणून हप्त्यांनी घेण्याची सोय आहे. जर्मनीतील व्यवस्था यांपेक्षा वेगळी असून, तिचे नियमही बारकाईने आखलेले आहेत. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती माहीत असणे उपयुक्त ठरेल.

पार्श्वभूमी

जर्मनीत बेकारांना व्यवसायासाठी संक्रमणभत्ता देण्यास १९८६ साली सुरुवात झाली. पुढे हार्ट्झ आयोगाच्या शिफारशींनुसार झालेल्या कामगार सुधारणांचा भाग म्हणून १ जानेवारी २००३ पासून दुसरी योजना आली. ‘इश-आगे’, म्हणजे ‘मी-कंपनी’, या नावाने ती ओळखली गेली. तिच्यात पहिल्या वर्षी दरमहा ६००, दुसऱ्या वर्षी ३६० आणि तिसऱ्या वर्षी २४० युरो मिळत. या नावावर टीकाही पुष्कळ झाली. जर्मन भाषातज्ज्ञांच्या मंडळाने २००२ सालातील सर्वांत खटकणारा शब्द म्हणून त्याचीच निवड केली होती. १ ऑगस्ट २००६ रोजी दोन्ही योजनांच्या जागी ‘ग्रुंडुंग्सत्सूशुस’, म्हणजे व्यवसाय-प्रारंभ अनुदान, सुरू करण्यात आले.

डिसेंबर २०११ अखेर या अनुदानाच्या स्वरूपात मूलभूत बदल झाला. तोपर्यंत अटी पूर्ण करणाऱ्याला अनुदान मिळणे हा त्याचा हक्क होता. त्यानंतर ते देणे वा न देणे रोजगार कार्यालयाच्या विवेकावर सोपवण्यात आले. परिणाम तत्काळ दिसला. २०११ साली सुमारे १ लाख ३४ हजार जणांना हे साह्य सुरू झाले होते. २०१२ साली ही संख्या सुमारे २० हजारांवर आली.

अनुदान किती मिळते?

मूळ बेकारभत्ता विम्यावर आधारलेला आहे. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विमा हप्ता भरलेल्यास करादी वजावटीनंतरच्या वेतनाच्या साधारण ६० टक्के, तर अपत्य असल्यास ६७ टक्के भत्ता मिळतो. पन्नाशीच्या आतील व्यक्तीला तो कमाल १२ महिने मिळू शकतो.

व्यवसाय-प्रारंभ अनुदानाचे दोन टप्पे आहेत. पहिले सहा महिने बेकारभत्त्याइतकी रक्कम आणि सामाजिक विम्यासाठी वर ३०० युरो दिले जातात. त्यानंतर व्यवसाय खरोखर चालू असल्याचे दाखवल्यास आणखी नऊ महिने दरमहा ३०० युरो मिळू शकतात. समजा, एखाद्याचा भत्ता दरमहा १५०० युरो आहे. त्याला पहिल्या टप्प्यात १० हजार ८०० आणि दुसऱ्या टप्प्यात २७००, असे एकूण १३ हजार ५०० युरो मिळतील. ही रक्कम करमुक्त असून, व्यवसाय पुढे बंद पडला म्हणून परत करावी लागत नाही.

तीनशे युरोंमागचे कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. बेकारभत्ता चालू असताना आरोग्य विम्याचा हप्ता रोजगार कार्यालय भरते. स्वयंरोजगार सुरू होताच ही जबाबदारी व्यावसायिकावर येते. घरखर्चाचे गणित मांडताना अनेकांचा हिशेब नेमका येथेच चुकतो.

प्रमुख अटी

पहिली अट वेळेची आहे. व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच अर्ज करणे आवश्यक आहे. आधी दुकान थाटून मागाहून अर्ज करणाऱ्यास अनुदान मिळत नाही.

दुसरी अट शिल्लक दिवसांची. व्यवसाय सुरू करताना किमान १५० दिवसांचा भत्ता शिल्लक असावा लागतो. ज्याला ३६० दिवसांचा भत्ता मंजूर आहे, त्याने पहिल्या २१० दिवसांत, म्हणजे सुमारे सात महिन्यांत निर्णय घेतला पाहिजे. आधी नोकरी शोधून पाहू, नाही जमले तर धंदा करू, असे म्हणत दहा महिने घालवणाऱ्याच्या हातून ही संधी निसटते.

तिसरी अट योजनेच्या पक्केपणाची. व्यवसायाचे स्वरूप, लागणारे भांडवल, अपेक्षित उलाढाल आणि नफा यांचा आराखडा तयार करून तो टिकाऊ असल्याचा अभिप्राय उद्योग-व्यापार मंडळ, कारागीर मंडळ, बँक वा करसल्लागार यांसारख्या जाणकारांकडून घ्यावा लागतो. अर्जदाराला त्या व्यवसायाचे ज्ञान असल्याचेही दाखवावे लागते.

या अटी पूर्ण झाल्या तरी मंजुरीची खात्री नसते. नोकरी मिळवून देण्यास कार्यालय प्राधान्य देते. अर्जदाराच्या क्षेत्रात नोकऱ्या मुबलक असतील, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. म्हणूनच पहिल्या भेटीपासून आपला मनोदय आणि त्यामागची कारणे कार्यालयास स्पष्टपणे सांगणे हिताचे ठरते.

जोडधंद्याचा मार्ग

एकदम उडी घेण्याची तयारी नसल्यास भत्ता चालू ठेवून छोट्या प्रमाणावर काम करून पाहता येते. हे काम आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी असावे लागते. त्यातून महिन्याला १६५ युरोंपर्यंत उत्पन्न झाल्यास भत्त्याला कात्री लागत नाही. त्यावरील रक्कम भत्त्यातून वजा होते. असे काम सुरू होताच कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. उत्पन्न लपवल्यास दिलेला भत्ता वसूल केला जातो आणि दंडही होऊ शकतो.

परदेशी नागरिकांसाठी

‘ब्लू कार्ड’वर काम करणारे भारतीयही बेकारी विम्याचा हप्ता भरतात आणि अटी पूर्ण केल्यास भत्त्यास पात्र ठरतात. परंतु, त्यांचा वास्तव्य परवाना नोकरीसाठी दिलेला असतो. स्वयंरोजगारासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांना ही अडचण येत नाही. तात्पुरता परवाना असणाऱ्यांनी आधी परवान्याचा प्रश्न सोडवावा आणि मगच राजीनामा, नोंदणी वा भाडेकरार यांचा विचार करावा. शिवाय, सबळ कारणाविना स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता साधारणपणे १२ आठवडे रोखला जातो, हेही विसरता कामा नये.

व्यवसाय चालला नाही तर?

पहिल्या टप्प्यात अनुदान घेतलेले दिवस मूळ भत्त्याच्या दिवसांतून वजा होतात. २७० दिवस शिल्लक असताना व्यवसाय सुरू केला, तर सहा महिन्यांनंतर ९० दिवस उरतात. मूळ हक्क निर्माण झाल्यापासून चार वर्षांच्या आत पुन्हा बेकारी आल्यास हे उरलेले दिवस मागता येतात. याखेरीज, पात्र व्यावसायिकाला स्वेच्छेने बेकारी विमा चालू ठेवता येतो. मात्र, त्यासाठीचा अर्ज व्यवसाय सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

आपल्याकडील स्थिती

भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. दोन्हींचा भर नोकरी गमावलेल्या विमाधारकास ठरावीक काळ रोख मदत देण्यावर होता. दुसरीकडे, २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उद्योगाच्या प्रकल्प खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. एका योजनेने घरखर्चाचा विचार केला, तर दुसरीने भांडवलाचा. पण यंत्र आले तरी पहिले सहा महिने घर कसे चालवायचे, हा प्रश्न उरतोच. जर्मनीतील तरतुदीने नेमक्या याच प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. तिच्यातील अटी कडक असल्या, तरी अर्ज करण्यापूर्वी दिवसांचा आणि पैशांचा हिशेब कागदावर मांडणाऱ्याला त्या पार करणे अशक्य नाही.