शरीराची साक्ष आणि यंत्राची साक्ष: फ्लाइट सिम्युलेटरची शंभर वर्षे

१/ उमेदीची सारी वर्षे विमान चालवलेला माणूस निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर वास्तवदर्शी युद्धविमान-सिम्युलेटर घेऊन बसला, तर त्याला सारे सहज जमेल अशी आपली समजूत असते. पुष्कळदा उलटेच घडते. विमान डुलू लागते, उतरताना धावपट्टी हुकते, कधी मळमळही होते. अनुभव कामी येण्याऐवजी आड का येतो, याचे उत्तर सिम्युलेटरच्या इतिहासातच दडलेले आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ आरंभीचे वैमानिक विमान शरीराने ओळखत. बैठकीखालचा दाब, गालावरचा वारा, इंजिनाचा बदलता सूर ही त्यांची उपकरणे होती. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ विमानाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी पिंपाची दोन अर्धुके एकमेकांवर बसवून एक साधन केले होते. वरच्या भागात विद्यार्थी बसे, सहकारी ते हाताने हलवत आणि त्याने तोल सावरायचा. तालीम होती ती शरीराची.

३/ पण ढगात शिरल्यावर हेच शरीर खोटी साक्ष देते. क्षितिज दिसेनासे झाले की तोलाची जाणीव मुख्यतः कानाच्या आतल्या द्रवावर अवलंबून राहते. वळण एकसारखे चालू राहिले तर तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. वळण संपवले की उलट बाजूला वळत असल्याचा भास होतो. वैमानिक त्या भासावर विश्वासून विमान ‘सावरतो’ आणि गिरक्या घेत जमिनीकडे जातो.

४/ १९२६ मध्ये अमेरिकी सैन्यातील वैमानिक विल्यम ओकर यांना वैद्यकीय तपासणीत फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवण्यात आले. आपण कोणत्या दिशेला फिरतो आहोत हे त्या मुरलेल्या वैमानिकाला सांगता येईना. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, मानवी देहाच्या रचनेचा होता. ओकर यांनी पुढे आयुष्याचा मोठा भाग हेच पटवून देण्यात घालवला: धुक्यात शरीरावर नव्हे, उपकरणांवर विश्वास ठेवा.

५/ २४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर आच्छादन ओढून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरोस्कोप त्यांच्यासमोर होते. हे शक्य आहे हे सिद्ध झाले. प्रश्न उरला तो हजारो वैमानिकांना जीव धोक्यात न घालता हे शिकवायचे कसे, हा.

६/ उत्तर आले ते ऑर्गनच्या कारखान्यातून. एडविन लिंक यांच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. १९२० मध्ये लिंक यांनी ५० डॉलर मोजून विमानाचा पहिला धडा घेतला. शिक्षक होते चार्ली चॅप्लिन यांचे सावत्र बंधू सिडनी चॅप्लिन. त्या तासाभरात विमानाने कोलांट्या घेतल्या, पण लिंक यांना नियंत्रणांना हातसुद्धा लावू दिला नाही. शिकणे इतके महाग आणि इतके निरुपयोगी का असावे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला.

७/ लिंक यांना भाते ठाऊक होते. आपल्या पेटीत भाता सूर काढतो. लिंक यांनी ऑर्गनच्या भात्यांनी एक छोटे लाकडी विमान डोलवले. दांडा हलवला की झडपा उघडत, भात्यांतली हवा कमी-जास्त होई आणि खोका त्या बाजूला झुके. १९२९ पर्यंत यंत्र तयार झाले. सैन्याने फारसे लक्ष दिले नाही. ते विकले गेले मुख्यतः मनोरंजन उद्यानांना!

८/ मग १९३४ चा फेब्रुवारी उजाडला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटे रद्द करून ते काम सैन्याच्या हवाई दलाकडे सोपवले. कडाक्याचा हिवाळा, रात्रीची उड्डाणे, धुके आणि उपकरणांच्या आधारे उडण्याचे अपुरे शिक्षण. काही महिन्यांच्या त्या मोहिमेत डझनभर सैनिकी वैमानिकांनी प्राण गमावले. त्याच वर्षी लिंक दाट धुक्यातून स्वतः विमान चालवत नूअर्कला सैन्याधिकाऱ्यांच्या भेटीसाठी उतरले. अशा हवेत कोणी येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. जूनमध्ये सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली.

९/ हाच तो ‘लिंक ट्रेनर’. निळे धड, पिवळे पंख, वर झाकण. आत विद्यार्थी उपकरणे वाचत असे. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र नकाशावर शाईने त्याचा मार्ग रेखाटत जाई. झाकण उघडले की आपण नेमके कुठे भरकटलो हे विद्यार्थ्याला कागदावर दिसे. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रे वापरात होती. पहिल्या यशस्वी सिम्युलेटरने वैमानिकाला शिकवले ते हे: शरीराचे ऐकू नकोस.

१०/ पुढची झेप संगणकाची. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे अनेक प्रकारच्या विमानांचे अनुकरण करू शकणाऱ्या यंत्राची मागणी केली. जे फॉरेस्टर यांच्या गटाच्या लक्षात आले की दांडा हलताक्षणी उत्तर हवे असेल तर तितकाच जलद संगणक हवा. त्यातून ‘व्हर्लविंड’ हा डिजिटल संगणक जन्मला. सिम्युलेटर बाजूला पडला, पण क्षणात प्रतिसाद देणाऱ्या संगणकाची कल्पना त्यामुळे रुजली.

११/ १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या एका हेलिकॉप्टर-सिम्युलेटरवर विलक्षण गोष्ट आढळली. त्यात बसून आजारी पडणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते, विद्यार्थ्यांचे मात्र १२ टक्के! ज्याने हेलिकॉप्टर खरोखर चालवले आहे, त्याचे शरीर दृश्याबरोबर ठरावीक धक्क्याची वाट पाहते. तो धक्का येत नाही आणि डोळे व कान यांच्यात भांडण जुंपते. विद्यार्थ्याच्या शरीरापाशी ती आठवणच नसते.

१२/ सिम्युलेटर घरी आला तो ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. इलिनॉय विद्यापीठातील त्यांच्या प्रबंधाचा विषयच संगणकावरील उड्डाणाचे दृश्य हा होता. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आणला. १९८७ मध्ये ध्वनीचा वेग प्रथम ओलांडणारे चक येगर यांच्या नावाने, त्यांच्या सल्ल्याने एक सिम्युलेटर निघाला. १९९८ च्या ‘फाल्कन ४.०’ सोबत तर जवळपास सहाशे पानांची पुस्तिका होती. आजचा ‘डीसीएस’ त्याच वाटेवरचा. त्यातील ए-१० सी विमान अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या प्रशिक्षण-प्रणालीतून आले.

१३/ आता माजी वैमानिकाच्या अडचणींकडे पाहू. पहिली, दांड्याची संवेदनशीलता. २० जानेवारी १९७४ रोजी वायएफ-१६ ची जमिनीवर वेगाने धावण्याची चाचणी चालू होती. विमान अचानक दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागले. जमिनीवर राहणे अधिक धोक्याचे ठरेल हे ओळखून वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी ठरलेले नसताना उड्डाण केले आणि सहा मिनिटांनी विमान सुखरूप उतरवले. दांडा जवळजवळ हलतच नसे, केवळ हाताचा दाब मोजत असे. आणि प्रतिसाद फार तीव्र होता. तो सौम्य करावा लागला. पुढे दांड्याला किंचित हालचालही देण्यात आली.

१४/ घरच्या जॉयस्टिकचे दुखणे तेच आणि औषधही तेच. तिचा दांडा आखूड असतो, त्यामुळे बोटभर हालचालीचा परिणाम मोठा होतो. सेटिंगमधील ‘कर्व्ह’ बदलून मध्याजवळचा प्रतिसाद मंद केला की डुलणे कमी होते. संगणक मंद असेल आणि दृश्य उशिरा बदलत असेल, तर वैमानिक वारंवार गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो. तेथे आधी चित्राची गुणवत्ता उतरवून वेग वाढवावा. व्हर्लविंडच्या निर्मात्यांना छळणारा प्रश्न तो हाच.

१५/ दुसरी अडचण ट्रिमची. साध्या विमानात दांडा हवा तिथे धरून ट्रिम केले की हातावरचा भार नाहीसा होतो आणि दांडा तिथेच राहतो. जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र नेहमी मध्याकडेच खेचते; म्हणून ट्रिम करता करता हात सैल सोडत मध्यावर आणावा लागतो. तिसरी अडचण निव्वळ जुळणीची. दांडा, थ्रॉटल आणि पेडल वेगवेगळे जोडले की प्रणाली एकच काम दोन उपकरणांना देऊन टाकते आणि विमान आपोआप एका बाजूला ओढले जाते. नियंत्रणांची यादी उघडून दुहेरी नेमणुका पुसणे, हा पहिला उपाय.

१६/ चौथी अडचण सेटिंगने सुटत नाही. वेग घटतो तेव्हा बैठकीतून येणारी थरथर, वळणात छातीवर येणारा भार, डोळ्यांच्या कडेने दिसणारी जमीन, यांपैकी बरेच काही पडद्यावर नसते. माजी वैमानिकाने तेथे लिंकच्या निळ्या खोक्यातल्या विद्यार्थ्यासारखे वागावे: वेग, उंची, चढ-उताराचा दर एका ठरलेल्या क्रमाने वाचत राहावे. शस्त्रे आणि रडार त्यानंतर. शिस्त, कार्यपद्धतींचा क्रम, वेग आणि उंचीचा हिशेब ही त्याची खरी कमाई. ती त्याच्यापाशी असतेच.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या विमानाच्या कॉकपिटमध्ये एकाच वेळी किती कामे करावी लागत, मागे वळून पाहणे किती कठीण होते, हे सिम्युलेटर उत्तम दाखवतो. त्या अर्थी तो इतिहासाचे साधन आहे. पण १९३४ च्या हिवाळ्यात टपालाच्या थैल्या घेऊन धुक्यात शिरलेल्या वैमानिकाला ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण नव्हते. सिम्युलेटर जन्मला तो असे मृत्यू टाळण्यासाठी. त्यात बसून आपल्याला त्यांचे काम कळते; त्यांची भीती कळली असे मात्र म्हणू नये.