भुलेश्वरची पांजरापोळ

मुंबईतील भुलेश्वर आणि सी. पी. टँक हा परिसर आमच्या बहुतेक वाचकांना खरेदीच्या निमित्ताने परिचित असेल. तेथील गजबजलेल्या गल्ल्यांमध्ये पांजरापोळ नावाची संस्था आजही उभी आहे. आत गायीगुरे दिसतात म्हणून ही गोशाळाच असावी असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः १८३४ साली या संस्थेचा जन्म झाला तो कुत्र्यांपायी. तोही कुलीन, पाळीव कुत्र्यांपायी नव्हे, तर ज्यांना कोणी धनी नव्हता आणि मिळण्याची शक्यताही नव्हती अशा गावठी, मोकाट कुत्र्यांपायी.

त्या काळी कंपनी सरकारला पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाटत असे, आणि ते अकारण नव्हते. कुत्रा चावला आणि विष अंगात भिनले की मरण अटळ होते. पाश्चरची लस निघायला १८८५ साल उजाडावे लागले. १८१३ सालच्या नियमाने वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्रे मारण्याची मुभा दिली होती. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्यामुळे शिपायांचा लोभ सुटला आणि घरांतून, आवारांतूनही कुत्रे ओढून नेले जातात अशी ओरड होऊ लागली.

६ जून १८३२ रोजी पारशांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कोट भागात कुत्रे मारणाऱ्या दोघा गोऱ्या शिपायांवर सुमारे दोनशेंचा जमाव चालून गेला. पारशांबरोबर हिंदूही त्यात होते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. पाव आणि मांस रस्त्यावर फेकले गेले. अखेर सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली, काहींना शिक्षाही झाल्या. इंग्रजी इतिहासात याला ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणतात. नाव ऐकून हसू येते. परंतु ज्यांच्या श्रद्धेला हात घातला गेला होता त्यांना हसू आले नसावे.

पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान काय आहे, हे आपणा ख्रिस्ती वाचकांना सहसा ठाऊक नसते. त्यांच्या वंदिदाद या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण कुत्र्याविषयी आहे. मेंढपाळाचा कुत्रा, घराचा राखणदार आणि बेवारस भटका अशा निरनिराळ्या कुत्र्यांचा त्यात वेगवेगळा विचार केला असून त्यांना इजा करणे किंवा निकृष्ट अन्न घालणे हे पाप मानले आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी असा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. मृतात्मा ज्या चिन्वत पुलावरून परलोकी जातो, तेथेही कुत्रे राखण करतात. तेव्हा आठ आण्यांसाठी रस्त्यावर कुत्रा ठेचला जाणे ही त्यांच्या दृष्टीने नगरस्वच्छतेची बाब नव्हतीच.

दंगलीने प्रश्न सुटला नाही. तो सोडविण्याचा मार्ग काढला व्यापाऱ्यांनी. पारशी समाजाचे सर जमशेटजी जिजीभाई आणि जैन समाजाचे शेठ मोतीशा यांच्यासारख्या धनिकांनी कुत्रे मारण्याऐवजी त्यांना आश्रय द्यावा असा आग्रह धरला. सरकारला निरुपद्रवी रस्ते हवे होते, यांना निष्पाप हात हवे होते. पांजरापोळीने दोन्ही साधले. कापूस, साखर, अफू अशा मालाच्या व्यापारावर व्यापाऱ्यांनी आपणहून लाग बसविला आणि त्यातून संस्थेचा खर्च चालू लागला. आमच्या मते यातच तिच्या दीर्घायुष्याचे मर्म आहे. क्षणिक कळवळ्यावर कुत्र्याचे एक दिवसाचे जेवण निघते; दररोज शेकडो तोंडे भरायची तर वहीखात्यात त्यांच्या नावाचे पान असावे लागते.

अशा संस्थेची कल्पना मात्र मुंबईत जन्मलेली नाही. गुजरातेत ती फार पूर्वीपासून रूढ होती. १६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा कॅथलिक प्रवासी खंबायतला आला असता त्याने पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले. तेथे शुभ्र दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा चढवून, पोरक्या झालेल्या उंदरांच्या पिलांना पिसाच्या टोकाने दूध पाजीत होता. देल्ला वाल्लेने हे दृश्य मोठ्या कुतूहलाने नोंदवून ठेवले आहे.

आता थोडी अडचणीची गोष्ट. जमशेटजी आणि मोतीशा यांची संपत्ती प्रामुख्याने चीनच्या अफू-व्यापारातून आली होती. आपणही फार ताठ मानेने बोट दाखवू नये, कारण त्या व्यापारातील त्यांचा एक प्रमुख सहकारी सर रॉजर द फारिया हा गोव्याचा कॅथलिक होता. कुत्र्यांना जीवदान देणारा पैसा चिनी घरांतून काय घेऊन आला, याचा हिशेब त्या वह्यांत नव्हता.

दुसरा आक्षेप आपल्या घरांतही ऐकू येतो: माणसे उपाशी असताना कुत्र्यांवर खर्च कशाला? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथातही दोन्ही बाजू आहेत. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही असे तो सांगतो; परंतु मानवी दुःखनिवारणासाठी प्रथम खर्च व्हावा असा पैसा प्राण्यांवर उधळणेही अयोग्य ठरवतो. हा इशारा रास्तच आहे. मात्र जमशेटजींच्या बाबतीत तो लागू पडत नाही. त्यांनी जे. जे. रुग्णालयासाठी पैसा दिला. त्यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांच्या देणगीतून १८४५ साली माहीमचा बांध झाला आणि मतमाउलीच्या यात्रेकरूंची वांद्र्याच्या खाडीवरील होडी सुटली. ज्या हातांनी कुत्र्याला भाकरी घातली, त्याच हातांनी माणसालाही दिले. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियाच्या मागोमाग त्याचा कुत्राही निघतो. देवदूत सोबत असूनही त्याला कोणी हाकलून देत नाही.

तरीही पांजरापोळींवरील सर्वच टीका पूर्वग्रहदूषित होती असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात अशा संस्था पाहणाऱ्या अनेक युरोपीयांनी रोगी, जखमी जनावरे वेदनांत खितपत पडलेली असल्याचे लिहून ठेवले आहे. जीव घ्यायचा नाही हा नियम कटाक्षाने पाळला जाई, पण औषधोपचार त्या मानाने तोकडा असे. ही उणीव भरून काढण्यास पशुवैद्यकाची गरज होती. दिनशा पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले ते १८८३ साली, म्हणजे पांजरापोळीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. शिवाय कुत्र्याची गोष्ट गायीपेक्षा वेगळी. गाय दावणीला निमूट राहते, दूधही देते. कुत्र्यांना एकत्र कोंडले की ती भांडतात, एकाचा रोग दहांना जडतो, आणि म्हाताऱ्या वा चावऱ्या कुत्र्याला न्यायला कोणी येत नाही.

मुंबई महापालिकेने कुत्रे मारणे थांबविले ते १९९४ साली. २००१च्या आणि त्यानंतर २०२३च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी करून, लस टोचून कुत्र्याला त्याच्याच गल्लीत परत सोडण्याची पद्धत घालून दिली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व मोकाट कुत्रे निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. पण एवढे निवारे आणायचे कोठून, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळून इतरांना परत सोडण्याची मुभा त्याच महिन्यात द्यावी लागली. भुलेश्वरच्या पांजरापोळीत आज प्रामुख्याने गायीच आहेत. जिच्यासाठी ती बांधली गेली ती जात बाहेर, सी. पी. टँकच्या पदपथांवर झोपलेली असते.