तीन पानांची विषवेल

इंग्रजी वाङ्मय वाचून ज्यांचीं मनें घडलीं त्या आपल्या सुशिक्षित वर्गाला ‘आयव्ही’ हा शब्द परका नाहीं. जुन्या विद्यापीठांच्या दगडी भिंतींवर आणि पडक्या मठांच्या कमानींवर पसरलेली ती सदाहरित वेल आपण प्रत्यक्ष क्वचितच पाहिली असेल. परंतु तिच्याभोंवतीं विद्येचें व वार्धक्याचें जें वलय आहे, तें आपल्या चांगलें परिचयाचें आहे. म्हणूनच अमेरिकेंत शिकत असलेल्या माझ्या एका भाच्याचें पत्र वाचून मला प्रथम हंसूंच आलें. सुटीच्या दिवशीं तो मित्रांबरोबर रानांत फिरावयास गेला, दोन दिवसांनीं त्याच्या हातांवर फोड उठले, आणि डॉक्टरांनीं निदान केलें तें ‘आयव्हीच्या विषाचें’! पुढें त्यानें लिहिलें होतें, “मामा, पानें तीन तीन होतीं. मला बेलाची आठवण झाली, म्हणून मीं डहाळी तोडून हातांत घेतली.” हें वाक्य वाचलें आणि माझें हंसूं मावळलें. ज्या आकाराला आपण लहानपणापासून हात जोडीत आलों, त्याच आकारानें त्या मुलाला परदेशीं फसविलें होतें.

मग मीं या वेलीचा इतिहास चाळूं लागलों. आणि असें दिसून आलें कीं, फसलेला माझा भाचा हा कांहीं पहिला मनुष्य नव्हे. त्याच्यापूर्वीं मोठमोठे पंडित त्याच जागीं ठेंचाळले आहेत.

या वेलीचा इंग्रजींतील जुन्यांत जुना सुप्रसिद्ध उल्लेख कॅप्टन जॉन स्मिथ याच्या १६२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासांत सांपडतो. बर्म्यूडा बेटांचें वर्णन करतांना तो सांगतो कीं, तेथें आपल्याकडील आयव्हीसारखी एक विषारी वनस्पति आहे. तिच्या नुसत्या स्पर्शानें अंग लाल होतें, खाज सुटते व शेवटीं फोड येतात. मात्र हे फोड कांहीं काळानें आपोआप जातात, तेव्हां तिची अपकीर्ति तिच्या वास्तविक दुष्टपणापेक्षां अधिक आहे, असाहि त्याचा अभिप्राय आहे. वर्णन नेमकें आहे, यांत शंका नाहीं. परंतु गंमत अशी कीं, स्मिथ स्वतः बर्म्यूडास कधींच गेला नव्हता. दुसऱ्यांच्या वृत्तांतांवरून त्यानें हा भाग रचिला. न पाहिलेल्या वेलीला तिच्याशीं नातें नसलेल्या वेलीची उपमा मिळाली, आणि तीच पुढें तिचें नांव होऊन बसली. वस्तुतः या दोन वेलींत साम्य असलेंच तर तें चढण्याच्या रीतींत आहे. दोघीहि खोडावर फुटणाऱ्या बारीक मुळ्यांनीं झाडाला किंवा भिंतीला धरून वर जातात. पान, फूल, फळ पाहूं गेल्यास त्यांचीं कुळें सर्वस्वी भिन्न आहेत.

स्मिथनंतर अकरा वर्षांनीं, म्हणजे १६३५ त, पॅरिस येथील वैद्य झाक कोर्न्यू यानें कॅनडांतील वनस्पतींवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. त्यानेंहि कॅनडा पाहिला नव्हता. पॅरिसच्या बागांत वाढलेलीं रोपें हेंच त्याचें रान. त्यानें आपल्या विषवेलीला ‘कॅनडाची त्रिपर्णी आयव्ही’ म्हटलें, आणि आज जिला व्हर्जिनिया क्रीपर म्हणतात त्या निरुपद्रवी वेलीला ‘कॅनडाची पंचपर्णी आयव्ही’ म्हटलें. म्हणजे तीन पानांची कोणती व पांच पानांची कोणती, हा जो भेद आज अमेरिकेंतील प्रत्येक शाळकरी मुलाला शिकवितात, तो या ग्रंथांत नांवांतच नोंदलेला आहे. परंतु दोघींना एकाच कुळांत बसवून त्यानें जितका घोटाळा मिटविला तितकाच निर्माणहि केला.

पुढें १७५३ सालीं लिनिअस यानें सर्व वनस्पतींना दोन दोन शब्दांचीं नांवें दिलीं, तेव्हां फुलांची रचना पाहून त्यानें विषवेलीला आयव्हीच्या कुळांतून काढून सुमाकच्या कुळांत घातलें. मात्र निरुपद्रवी पंचपर्णी त्यानें आयव्हींतच राहूं दिली! आज ती द्राक्षाच्या कुळांत गणली जाते, आणि विषवेल सुमाकपासूनहि वेगळी करून ‘टॉक्सिकोडेंड्रॉन’, म्हणजे विषवृक्ष, या स्वतंत्र गणांत ठेवतात. शास्त्रज्ञांनीं नांव बदललें, परंतु लोकांच्या तोंडीं ‘पॉयझन आयव्ही’ हेंच राहिलें. एकदां रूढ झालेली उपमा पुसून टाकणें किती कठीण असतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या सर्व ग्रंथनिष्ठ मंडळींत प्रत्यक्ष रानांत उतरून झाडाला हात लावणारा म्हणून लिनिअसचा शिष्य पेहर काल्म याचें नांव घेतलें पाहिजे. १७४८ ते १७५१ या काळांत तो उत्तर अमेरिकेंत हिंडला. या वर्गांतील, दलदलींत वाढणाऱ्या एका झाडाचा चीक त्यानें मुद्दाम आपल्या हातांना चोळून पाहिला व त्याला कांहींच झालें नाहीं. परंतु पुढें एका उष्ण दिवशीं, अंगाला घाम आलेला असतां, त्यानें त्याच झाडाची फांदी अर्धा तास हातांत वागविली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या पापण्यांना भयंकर खाज सुटली. दोघां बहिणींपैकीं एकीला हें झाड खुशाल हाताळतां येई व दुसरीला तें बाधे, हेंहि त्यानें नोंदविलें आहे. विष वस्तूंत असतें कीं मनुष्यांत, हा प्रश्न त्याच्या नोंदींतून सहजच उभा राहतो.

काल्मची आणखी एक नोंद वाचून मराठी वाचक चमकल्याशिवाय राहणार नाहीं. या वेलीच्या चिकानें कापडावर काढलेलें अक्षर धुण्यानें जात नाहीं, उलट अधिकच काळें होत जातें, व तेथील मुलें आपल्या कपड्यांवर त्यानें नांवें घालतात, असें तो म्हणतो. हें वाचतांना आपल्या परटाचा बिब्बा कोणाला आठवणार नाहीं? आणि हें केवळ साम्य नव्हे. येथें नातें खरें आहे. बिब्बा, काजू, आंबा आणि ही अमेरिकन विषवेल हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें होत. बिब्बा ‘उततो’ हें आपल्या आजीबाईंना ठाऊक होतें. काजूच्या टरफलाच्या तेलानें हात पोळतात हें कोंकण-गोव्यांत सर्वांना ठाऊक आहे. आंब्याच्या देंठाचा चीक ओंठाला लागला तर काय होतें, याचा अनुभव तर बहुतेकांच्या बालपणीं येऊन गेलेला असतो. दुसऱ्या महायुद्धांत आपल्या देशांत आलेल्या अमेरिकन सैनिकांना परटाच्या खुणेच्या जागीं पुरळ उठूं लागलें, तेव्हां त्यांच्या लष्करी डॉक्टरांनीं १९४३ सालीं त्यावर लेख लिहून कारण दाखविलें तें बिब्ब्याच्या शाईचें. हजारों कोसांवरील दोन रानांचें नातें असें सदऱ्याच्या कॉलरीवर उघडकीस आलें.

पुढचा इतिहास प्रयोगशाळेंतला आहे. टॉमस हॉर्सफील्ड यानें १७९८ त पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत या वनस्पतींवर प्रबंध लिहिला. हाच गृहस्थ पुढें जावा बेटांत संशोधन करून लंडनमध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक झाला. या वेलीचें विष हवेंतून येतें, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकली. १८९७ सालीं हार्वर्डच्या फ्रान्झ फाफ यानें दाखविलें कीं, दाह करणारा पदार्थ हा न उडणारें तेल आहे. तें अंगाला लागल्याशिवाय बाधत नाहीं. जपानांत लाखेच्या सुंदर भांड्यांना ज्या झाडाचा चीक लावतात तेंहि या वेलीचें जवळचें आप्त. त्या चिकाला जपानींत ‘उरुशी’ म्हणतात, व रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत ज्या द्रव्याची रचना उलगडली, त्याला त्यावरूनच ‘उरुशिऑल’ हें नांव मिळालें.

हें द्रव्य आम्लाप्रमाणें कातडी जाळीत नाहीं. तें त्वचेंतील प्रथिनांना चिकटतें, आणि मग शरीराच्या रक्षक पेशी आपल्याच त्वचेला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. म्हणून पहिल्या स्पर्शानें बहुधा कांहीं होत नाहीं, झालेंच तर पुष्कळ दिवसांनीं. ओळख पटल्यावर मात्र पुढील स्पर्शाला एक-दोन दिवसांत फोड येतात. काल्मचा पहिला प्रयोग निष्फळ कां झाला असावा, याचा उलगडा यांत आहे. माझ्या भाच्याचें बालपण आजोळीं काजूच्या बागांत गेलें. त्याच्या त्वचेला या कुळाची ओळख पूर्वींच झालेली असणें अशक्य नाहीं. तात्पर्य, विषवेलीच्या बाबतींत पंडितांची जी चूक झाली तीच शरीराचीहि होते. दोघांनाहि साम्य दिसतें. भेद दिसत नाहीं.

मग भेद कसा ओळखावा? तीन पानें दिसलीं कीं हात लावूं नये, अशी अमेरिकेंत म्हण आहे. म्हण चांगली, पण अपुरी. आपल्याकडे पळसाला पानें तीनच असतात; म्हणून पळस कांहीं बाधत नाहीं. विषवेलीच्या तीन दळांपैकीं मधल्याचा देंठ लांब असतो, बाजूच्या दोहोंना तो नसल्यासारखाच. पानें फांदीवर एकाआड एक येतात. कांटे मुळींच नसतात. फळें लहान व पांढरट. आणि जुनें खोड केसाळ दोरखंडासारखें दिसतें. आतां तिच्या सारख्या दिसणाऱ्यांकडे पाहा. बॉक्स एल्डरच्या रोपाला तीन दळें असतात, पण त्याचीं पानें समोरासमोर येतात. रासबेरी व ब्लॅकबेरी यांना कांटे असतात. सुगंधी सुमाकच्या मधल्या दळाला जवळजवळ देंठच नसतो व त्याचीं फळें तांबडीं, लवदार असतात. व्हर्जिनिया क्रीपरला बहुधा पांच दळें, निळसर काळीं फळें व भिंतीला चिकटणारे तणावे असतात. कोंवळेपणीं मात्र तिला कधीं कधीं तीनच दळें येतात, आणि तेथें घाई करणारा चुकतो. मग एक तर विषवेल हातांत येते, किंवा बिचारी निरपराध वेल उपटली जाते. अमुक एकच खूण पाहून निर्णय करूं नये. दोन-तीन खुणा जुळल्या पाहिजेत. स्पर्श झालाच तर विलंब न लावतां साबण व पाण्यानें अंग धुवावें. आणि ही वेल जाळूं तर कधींच नये, कारण तिचें तेल धुराबरोबर श्वासांत जातें. उत्तर कॅरोलिनांतील रानांत केलेल्या प्रयोगांवरून २००६ सालीं असेंहि दिसून आलें कीं, हवेंतील कर्बवायु वाढला असतां ही वेल अधिक जोमानें वाढते व तिचें विषहि तीव्र होतें. तेव्हां या विद्येची गरज पुढें वाढणारच आहे.

भाच्याला उत्तर लिहितांना मीं हें सर्व कळविलें, व शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, परक्या देशांत गेल्यावर ओळखीचें कांहीं दिसलें तर आनंद होणें स्वाभाविक आहे. परंतु ओळखीच्या आकाराला आपलें जुनें नांव देण्यापूर्वीं त्याचा देंठ, त्याचें फळ व त्याचें कूळ पाहावें. स्मिथ व कोर्न्यू यांनीं घरबसल्या नांव दिलें. काल्मनें पापण्यांची खाज सोसली, पण त्याची नोंद आजहि उपयोगीं पडते. त्याचें उत्तर आलें आहे. फोड बरे झाले असून तो आतां भिंग घेऊन रानांत जातो, आणि हात मात्र खिशांत ठेवतो.