ॲनिमेटेड जीआयएफमुळे वेबपेज स्लो का होतं? कारणं आणि उपाय

वेबपेजवर एखादी मोठी हलती इमेज टाकली की पान उघडायला वेळ लागतो, स्क्रोल करताना अडखळतं आणि कमी रॅमचा फोन असेल तर तो गरमही होतो. यावर ‘इमेज कॉम्प्रेस करा’ हा एकच सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते तो अर्धाच आहे. मोठी जीआयएफ डेटा, मेमरी आणि प्रोसेसर अशा तीन ठिकाणी भार टाकते, आणि कॉम्प्रेस केल्याने मुख्यतः पहिलाच भार कमी होतो. म्हणून आधी कारण समजून घेऊ, मग उपाय पाहू.

जीआयएफ इतकी जड का असते?

जीआयएफ हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणला. १९८९ च्या ‘८९ए’ आवृत्तीत दोन फ्रेम्समध्ये किती वेळ थांबायचं हे ठरवण्याची सोय आली. पण हा फॉरमॅट मुळात साध्या चित्रांसाठी आहे. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंगांचा तक्ता मिळतो.

व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ‘हा तुकडा थोडा उजवीकडे सरकला’ एवढीच नोंद करून काम भागतं. जीआयएफमध्ये ती सोय नाही. फार तर बदललेला चौकोनी भाग तेवढा साठवता येतो. कॅमेरा फिरत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं, म्हणजे जवळपास पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा साठवावं लागतं. कमी रंगांत छटा दाखवण्यासाठी जे बारीक ठिपके टाकतात (याला डिदरिंग म्हणतात), त्यानेही फाइल फुगते. कारण सलग सारखे पिक्सेल असले की जीआयएफचं कॉम्प्रेशन चांगलं चालतं.

तीन भार, हिशोबासकट

१. डेटा: १० एमबीची फाइल म्हणजे ८० मेगाबिट. १० एमबीपीएस स्पीड असेल तर एकट्या त्या इमेजला किमान ८ सेकंद लागतील.

२. मेमरी: स्क्रीनवर दाखवण्यासाठी ब्राउझरला प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते आणि एका पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ८०० बाय ६०० ची एक फ्रेम म्हणजे १.९२ एमबी. ४ सेकंदांच्या जीआयएफमध्ये सेकंदाला २५ प्रमाणे १०० फ्रेम्स असतील आणि त्या सगळ्या मेमरीत ठेवल्या, तर १९२ एमबी! फाइल ३ एमबीची असो वा १० ची, हा आकडा बदलत नाही.

३. प्रोसेसर: मेमरी वाचवण्यासाठी ब्राउझर जुन्या फ्रेम्स टाकून देतो. मग लूप पुन्हा सुरू झाला की त्याच फ्रेम्स पुन्हा उलगडाव्या लागतात. बॅटरी खर्च होते ती इथे.

आधी तपासा

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि पान रिफ्रेश करा. ‘साइझ’ कॉलमनुसार क्रम लावला की सगळ्यात जड फाइल लगेच सापडते. मेमरी पाहायची असेल तर विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं.

उपाय: मी हाच क्रम वापरतो

१. व्हिडिओ करता येत असेल तर व्हिडिओच करा. एमपी४ फाइल सहसा जीआयएफपेक्षा कितीतरी लहान होते. बहुतेक फोनमध्ये एच.२६४ व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळं हार्डवेअर असतं, त्यामुळे प्रोसेसरवरचा भारही कमी होतो. एफएफएमपेग हे फुकट टूल यासाठी उत्तम. रुंदी आणि उंची सम आकड्यात ठेवा, नाहीतर एरर येण्याची शक्यता असते. पानावर ‘व्हिडिओ’ टॅगला ऑटोप्ले, लूप, म्यूटेड आणि प्लेज-इनलाइन हे चारही गुणधर्म द्या. आयफोनवर शेवटचे दोन विसरलात तर व्हिडिओ आपोआप जागेवर चालणार नाही. मूळ व्हिडिओ हाताशी असेल तर त्यातूनच एमपी४ बनवा. जीआयएफ करताना गेलेले रंग परत येत नाहीत.

२. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर ॲनिमेटेड वेबपी वापरा. एच.२६४ च्या एमपी४ मध्ये पारदर्शकता नसते. वेबपीमध्ये ती आहे आणि २५६ रंगांची अटही नाही.

३. जीआयएफच ठेवायची असेल तर आकार आणि फ्रेम्स कमी करा. लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेल पाव होतात, म्हणजे वरच्या उदाहरणात १९२ चे ४८ एमबी. एकाआड एक फ्रेम काढली की २४ एमबी. फ्रेम्स काढल्यावर थांबण्याचा वेळ मात्र दुप्पट करा, ०.०४ सेकंदाचा ०.०८. नाहीतर ॲनिमेशन दुप्पट वेगाने पळेल. हे काम जिफसिकल किंवा ईझीजिफवर होतं.

एक लक्षात ठेवा: पानाच्या कोडमध्ये रुंदी कमी लिहिली म्हणजे फाइल लहान होत नाही. दिसते छोटी, पण डाउनलोड पूर्णच होते.

४. गरज पडेल तेव्हाच लोड करा. खाली असलेल्या इमेजला ‘लोडिंग’ गुणधर्मात ‘लेझी’ द्या. रुंदी आणि उंची दोन्ही लिहा, म्हणजे इमेज आल्यावर मजकूर खाली ढकलला जाणार नाही.

स्पीडपलीकडची गोष्ट

सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र काही जणांना फेफरं आणू शकतं. ‘डब्ल्यूसीएजी’ या वेब सुलभतेच्या नियमावलीत म्हणूनच तशी मर्यादा आहे. आपोआप सुरू होऊन इतर मजकुरासोबत ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवण्याची सोय हवी, असंही तिथे सांगितलंय. साध्या जीआयएफला पॉजचं बटण नसतं, व्हिडिओला ते देता येतं. माझ्यासाठी व्हिडिओ निवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

थोडक्यात

- स्क्रीन रेकॉर्डिंग, चित्रपटातला तुकडा, खरी दृश्यं: एमपी४
- स्टिकर, पारदर्शक ॲनिमेशन: वेबपी
- दोन-चार रंगांचं छोटं चिन्ह, मोजक्या फ्रेम्स: जीआयएफ चालेल

फाइल अपलोड करण्याआधी एमबीसोबत रुंदी, उंची आणि फ्रेम्सचा गुणाकारही एकदा करून पाहा. तुमचं पान साध्या फोनवर कसं चालेल, याचा अंदाज तिथेच येतो.