गव्हले, सरगुंडे आणि माणिकगडचा पहाड

मराठीच्या वर्गात 'वळण' हा शब्द आला की अक्षराचे वळण, स्वभावाचे वळण, भाषेचे वळण अशी उदाहरणे मी सवयीने देते. त्याच 'वळणे' क्रियापदापासून आलेला 'वळवट' हा शब्द मात्र अठरा वर्षांच्या अध्यापनात माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. तो पुन्हा ऐकू आला तो जिवती तालुक्यातल्या एका गावी, एका विद्यार्थिनीच्या आजीच्या तोंडून, आणि तोही तक्रारीच्या सुरात: "रेशनच्या गव्हाचं वळवट टिकत नाही बाई, शिजताना इरघळतंय."

वळवट म्हणजे घट्ट भिजवलेल्या गव्हाच्या रव्याची बोटांनी वळून वाळवलेली बारीक रूपे. गव्हाच्या दाण्याएवढे आणि तसेच दोन्ही टोकांना निमुळते ते गव्हले. नखाने दाबून पन्हळ पाडली की नखुली. बोटाखाली लांबवले की बोटवे. फुलाच्या कळीसारखी मुडपली की मालती, आणि नव्या फणीच्या दातांवर दाबून रेघा उठवल्या की फणुली. लग्नघरी मुहूर्ताचे गव्हले सवाष्णींनी वळायचे आणि रुखवतात वळवटाच्या परड्या मांडायच्या, ही पद्धत अनेक वाचकांनी पाहिली असेल. पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रवा तोच, दूध आणि गूळही तेच. प्रकार निराळा ठरतो तो केवळ आकाराने. नखुलीच्या पन्हळीत खीर साचते, गव्हल्यावरून ती ओघळते, म्हणून जिभेला दोन्ही निराळी लागतात. पास्त्याच्या शेकडो आकारांबद्दल इटालियन माणसे जो हट्ट धरतात, तो नेमका एवढ्याचसाठी.

पास्त्याचे नाव इथे उगाच घेतलेले नाही. इटलीत 'ओर्झो' नावाचा एक चिमुकला पास्ता आहे, तो बहुधा सुपात घालतात. ओर्झो म्हणजे जव. आता सोळाव्या शतकातल्या भावमिश्राचा 'भावप्रकाश' उघडावा. त्यात 'सेविका' नावाची कृती आहे: गव्हाच्या बारीक पिठाच्या जवासारख्या सूक्ष्म वाती करून वाळवाव्यात, दुधात शिजवाव्यात, तूप-साखर घालून खाव्यात. पदार्थ बळ देणारा, पण पचायला जड, असा वैद्याचा शेराही आहे. 'शेवई' हा शब्द आपण या सेविकेशी जोडतो. पण जवाच्या आकाराची वस्तू म्हणजे आजची लांबसडक शेवई नव्हे, तो सरळसरळ गव्हला आहे. माझा तर्क असा की, नाव दोऱ्याकडे गेले आणि दाणा नव्या नावाने मराठी घरात राहिला. संस्कृत वैद्याला जव दिसला, इटालियन माणसालाही जव दिसला, मराठी बाईला गहू दिसला.

यावरून कोणी कोणाकडून शिकले असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणल्याची कथा अशाच मोहातून जन्मली. अल् इद्रिसीने सिसिलीच्या रॉजर राजासाठी ११५४ साली पुरा केलेल्या भूगोलग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबियात 'इत्रिया' तयार होऊन जहाजांनी दूरदूर जात असल्याचे लिहिले आहे. १२७९ साली जिनोव्हातल्या एका नोटरीने केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेली एक पेटी आहे. मार्को पोलो परतला तो १२९५ साली. कागद होते, म्हणून कथा खोटी पाडता आली.

जिवतीतल्या आजीकडे कागद नाहीत. त्या कंधारकडच्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून अनेक कुटुंबे माणिकगडच्या पहाडावर आली, त्यांतले त्यांचे एक. तेव्हा लग्नाला वर्षही झाले नव्हते. "दोन गठुडे अन् शेवयाचा पाट, एवढंच आणलं. सासू म्हणली, पाट कशाला? गहू कुठं हाय?" गहू नव्हताच. दुष्काळी कामावर लाल मिलो आणि सुकडी खाल्लेली ही माणसे. पहिली काही वर्षे तो पाट भाकरी थापायलाच वापरला, असे त्या हसत सांगतात. पुढे गडचांदूरच्या बाजारातून पायलीभर गहू आणून त्यांनी पहिल्यांदा वळवट केले ते थोरल्या मुलीच्या लग्नात. मुलीला सगळे आकार येत होते. गहू नसतानाही त्यांनी ते तिला शिकवले होते, ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यावर.

पहाड रिकामा नव्हता, हेही लिहिले पाहिजे. गोंड आणि कोलाम इथे आधीपासून होते. लगतच्या डोंगरांतल्या राजगोंडांवरचा फ्यूरर-हायमेनडॉर्फचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यातले मुख्य अन्न ज्वारी आहे. राजुऱ्याचा हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला. म्हणजे आजीचे कुटुंब तेरा वर्षे आधी येते तर जिल्हाही न बदलता आले असते! तालुक्याच्या कडेच्या चौदा गावांवर तर आजही महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात.

खरी अडचण पुढची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. १९७२ साली आलेल्या माणसाने ७५ वर्षे कोठून आणायची? "कागद मागतेत बाई," आजी म्हणाल्या, आणि पुन्हा परातीकडे वळल्या. कायद्यामागचे कारण मला समजते. ज्यांचे जंगल आहे त्यांचा हक्क आधी राखला पाहिजे. पण पन्नास वर्षे पहाडावर काढलेल्या माणसाच्या हाती सातबारा नसावा, हेही मला सहज गिळता येत नाही.

त्या घरात वळवटाच्या शेजारी दुसरी एक परात होती. आजींची सून वरोऱ्याकडची, म्हणजे माझ्याच मुलखातली. ती सरगुंडे करत होती. कणकेची लांब बारीक वळी बांबूच्या गुळगुळीत काडीवर वेटोळे घालत गुंडाळायची आणि अलगद काडी ओढून घ्यायची. मागे राहते ते पोकळ, मळसूत्री सरगुंडे. वाळवून ठेवायचे, ऐनवेळी चाळणीत वाफवायचे, आंब्याच्या रसात किंवा गुळाच्या पाण्यात तूप घालून वाढायचे. सिसिलीच्या त्रापानीकडे 'बुसियाते' नावाचा फारसा प्रसिद्ध नसलेला पास्ता आहे, तो थेट याच कृतीने होतो. त्याचे नावही तिथल्या एका गवताच्या काडीवरून पडले असे सांगतात. ओरेत्ता झानिनी दे व्हिता या बाईंनी इटलीतल्या खेड्यापाड्यांत वृद्ध स्त्रियांना विचारून असे तीनशेहून अधिक आकार नोंदवले; त्यांचा कोश २००९ साली इंग्रजीतही आला. आपल्याकडे १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून १९७० च्या 'रुचिरा'पर्यंत छापील पाकशास्त्राची परंपरा मोठी आहे, पण ती प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघराची. कंधारच्या बोटव्याने आणि वरोऱ्याच्या सरगुंड्याने एका परसात वाळावे, ही घटना तिच्यात मावणारी नाही. आजी सुनेच्या सरगुंड्यांना 'तुमच्याकडचं' म्हणतात. नात मात्र दोन्ही वळते आणि दोन्हींना 'आमच्याकडचं' म्हणते.

माझी आई उन्हाळ्यात सरगुंडे करायची तेव्हा मी माडीवर परीक्षेचा अभ्यास करत असे. "तू वाच," हे तिचे लाडके वाक्य. मी वाचले, एम. ए. झाले आणि काडी हातात धरायला शिकले नाही. यंदा मे महिन्यात घरी करून पाहिले. पहिली खेप चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गच्चीवर ठेवली. संध्याकाळी सगळ्यांना तडे. वरचा थर झटकन वाळला आणि आतला ओला राहिला की असेच होते. नेपल्सजवळचे जुने पास्तेवाले म्हणूनच थोडे वाळवत, मग विसावू देत, पुन्हा वाळवत. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आजींनी फोनवर एवढेच सांगितले: "सावलीत घाल, वर फडकं टाक."

दुसऱ्या खेपेला बन्सी गव्हाचा रवा घेतला, जो जातीने इटालियन पास्त्याच्या गव्हाचाच भाऊ आहे. घट्ट भिजवून, तासभर झाकून, तळहाताला कळ लागेपर्यंत मळला. काडीला तूप लावायचे नसते, कोरडे पीठ लावायचे असते, हे चार सरगुंडे काडीलाच चिकटल्यावर कळले. दोन दिवसांनी पाण्याचा हबका मारून वीस मिनिटे वाफवले. सोळा ठेवले होते, त्यांतल्या अकरांची वेटोळी सुटली नाहीत. रसात बुडवलेल्या वाटीचे छायाचित्र विद्यार्थिनीला पाठवले. दहा मिनिटांनी तिचा निरोप आला: "आजी विचारते, गहू कोणता घेतला आणि कुठे मिळाला?"